आधी कोणाची वीज घालवायची

वीज तयार करणारे इंजिनिअर पुष्कळ असतात, ती घरोघर पोचवणारेही असतात. माझं काम या दोन्हींपेक्षा वेगळं होतं. वीज अचानक कमी पडली तर आधी कोणाची घालवायची, याचा क्रम मी ठरवायची. लग्नकार्यात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी नुसतं "इलेक्ट्रिकल" म्हणून विषय बदलत असे.

राज्याच्या वीज मंडळात मी सोळा वर्षं रिले तपासले. उपकेंद्रातल्या पॅनेलवर हा रिले नावाचा डबा बसवलेला असतो. लाइनवर काही भलतं घडलं की तो निमिषात ओळखतो आणि ब्रेकर उघडून वीज तोडतो. कधी तोडायची, किती वेळ थांबून तोडायची, हे आकडे माणूस त्यात भरतो. मंडळात तो माणूस बहुतेक वेळा मी असायची. एक बाई शिडीवर चढून पॅनेलमध्ये डोकं घालते हे बघायला सुरुवातीला वायरमन जमायचे. पुढे सवय झाली त्यांनाही.

मग श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सिंगापूरला नोकरी लागली. त्याच्या मागोमाग गेले आणि वर्षभरात मलाही तिथल्या बुओना व्हिस्टा भागात एका गुंतवणूक फंडात काम मिळालं. हा फंड गरीब देशांतल्या वीज प्रकल्पांत पैसे घालायचा. तिथे सगळे एमबीए नाहीतर वकील. रिले हातात धरलेली मी एकटी. प्रकल्पाची कागदपत्रं आली की "यातून खरंच वीज निघेल का, आणि निघाली तर जाईल कुठे?" हे मी सांगायचं.

या कामात मी बरी होते, हे सांगायला संकोच वाटत नाही. एकदा एका देशात आठ जनरेटर चालू स्थितीत असल्याचं आम्हाला कागदावर दाखवलं होतं. मी गेले, बॅटरी घेऊन प्रत्येकाच्या हवेच्या तोंडात वाकून पाहिलं. तिघांच्या आत कोळ्यांची जाळी होती, जुनी, धुळीने जाड झालेली. चालत्या मशीनमध्ये कोळी संसार मांडत नाही. तो व्यवहार तिथेच थांबला आणि ऑफिसात पुढे वर्षभर मला "स्पायडर लेडी" म्हणत. कागदावर विश्वास ठेवायचा नाही, जाऊन बघायचं, हे मी नव्या मुलांना ऐटीत सांगायची.

म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

पूर्व आफ्रिकेतला एक देश. सही केलेल्या करारांमुळे नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. दोन हजार दहाचं दशक अर्धं सरत आलं होतं. देशाला गॅस सापडला होता, विजेची टंचाई भयंकर होती आणि आमचा फंड तिथे गॅसवरचं वीजकेंद्र उभारणाऱ्या कंपनीत मोठा भागीदार होणार होता. मशीन एकच, पण अवाढव्य. लहान चार मशीनपेक्षा मोठं एक घेतलं की वीज स्वस्त पडते, म्हणून सगळ्यांना तेच हवं होतं.

यातली गोम समजावून सांगते. जिन्यावरून लोखंडी कपाट वर न्यायचं आहे आणि दहा जण धरून आहेत अशी कल्पना करा. एकाचा हात सुटला तर बाकीचे नऊ जण दात-ओठ खाऊन ते पेलतात. पण चौघेच असतील आणि एकाचा हात सुटला, तर कपाट उरलेल्या तिघांना घेऊन खाली येतं. विजेचं जाळं असंच असतं. सगळी मशीनं मिळून भार पेलतात. त्यातलं एक बंद पडलं की तो भार बाकीच्यांवर येतो. म्हणून एकटं मशीन एकूण भाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा फार मोठं नसावं, असं आम्ही शिकलो. हे नवं मशीन त्या देशाच्या भाराच्या चौथ्या हिश्शाचं होतं.

मी पहिल्या अहवालात सरळ लिहिलं, की हे मशीन या देशाला मोठं आहे.

समीर माझा साहेब. मुंबईचा, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, हुशार आणि वागायला गोड. एरवी मला मॅडम म्हणायचा. काही हवं असलं की ताई म्हणायचा. तो म्हणाला, "ताई, नाही म्हणणं सोपं आहे. हे कसं जमवता येईल ते सांगा ना."

आणि मी ते जमवून दाखवलं. दबाव आला म्हणून मी वाकले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. मला ते कोडं आवडलं. मोठं मशीन बंद पडलं की एका सेकंदाच्या आत ठरावीक फीडर आपोआप तोडायचे, म्हणजे कपाट पडायच्या आत त्यातलं सामानच बाहेर फेकायचं. फीडर म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला जाणारी लाइन. कुठले फीडर, कुठल्या क्रमाने, किती टप्प्यांत, हे सगळं मी बुओना व्हिस्टाच्या विसाव्या मजल्यावर बसून मांडलं. पहिल्या टप्प्यात सर्वांत उपयोगाचा होता फीडर क्रमांक सात. एकट्यावर भरपूर भार, तोडला की लगेच आराम. संगणकावर दहादा चालवून पाहिलं, दरवेळी जाळं वाचलं. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकांच्या तंत्रज्ञांनीही वाखाणणी केली. त्या दिवशी मी सेरंगून स्टेशनवर मेट्रो बदलताना मनात हसत होते, हे मला अजून आठवतं.

आराखड्यावर शेवटची चर्चा करायला त्या देशाच्या वीज कंपनीचा माणूस सिंगापूरला आला. त्याचं नाव जोसेफ. देशाच्या भार नियंत्रण केंद्राचा तो प्रमुख होता. म्हणजे कुठलं मशीन किती चालवायचं आणि कुठला भाग अंधारात ठेवायचा, हे रोज ठरवणारा माणूस. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. सभेत तो फारसं बोलला नाही. दुपारी त्याने मला विचारलं, की रिचार्ज होणारे दिवे कुठे चांगले मिळतील? मी त्याला लिटिल इंडियातल्या एका चोवीस तास उघड्या दुकानात घेऊन गेले. त्याने बारा दिवे घेतले. प्रत्येक दिवा लावून, विझवून, उलटा करून पाहिला.

संध्याकाळी त्याला पुंगोलला घरी जेवायला नेलं. माझी लेक मुक्ता तेव्हा ज्युनिअर कॉलेजात होती. दिव्यांचं खोकं बघून तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मला विचारलं, "सो मेनी लॅम्प्स फॉर वॉट, लाह?" मी डोळे वटारले, पण जोसेफने शांतपणे उत्तर दिलं. त्याची बायको अग्नेस जिल्हा रुग्णालयात नर्स होती, नवजात बाळांच्या वॉर्डात. दिवे तिच्यासाठी होते. वीज गेली की तिथल्या नर्सेस मोबाइलच्या उजेडात काम करत.

मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, ते रुग्णालय फीडर सातवर आहे."

मी म्हटलं, की यादीत रुग्णालयाच्या नावापुढे जनरेटर असल्याची नोंद आहे.

"तुम्ही तो पाहिलाय?"

मी पाहिला नव्हता. त्याने पाहिला होता. जनरेटरची बॅटरी काढून कोणीतरी नेली होती आणि इंधनाची टाकी गळत होती. "सध्या मी वीज घालवतो तेव्हा रुग्णालयाला आधी फोन करतो," तो म्हणाला. "दहा मिनिटं मिळाली की अग्नेस ऑक्सिजनचे सिलिंडर लावून ठेवते. तुमचा रिले फोन करणार नाही."

त्याची मागणी एवढीच होती: सातवा पहिल्या टप्प्यातून काढा, त्याच्या जागी दुसरे दोन-तीन लहान फीडर घाला. रास्त होती. मी करते म्हणाले. मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समीरने सांगितलं, की आराखडा मंजूर झालाय. आता एक फीडर बदलला तरी सगळा अभ्यास नव्याने करून कर्ज देणाऱ्यांकडून पुन्हा मंजूर करून घ्यावा लागेल. तीन महिने जातील, केंद्र सुरू व्हायची तारीख हुकेल. "पुढच्या आवृत्तीत घेऊ ना, ताई." मी "पुढील आवृत्तीत विचार व्हावा" असं टिपण लिहून फाइलला जोडलं. जोसेफने परत गेल्यावर तीन पत्रं पाठवली. तीनही मी पुढे धाडली, आणि तिन्ही वेळा त्याला कळवलं, की विषय विचाराधीन आहे.

केंद्र सुरू झालं. फीत कापल्याचे फोटो आमच्या ऑफिसात लागले. नवं मशीन म्हटलं की सुरुवातीला रुसवेफुगवे असतातच. कधी सेन्सर, कधी गॅसचा दाब. ते वारंवार बंद पडायचं. दरवेळी माझी योजना अगदी ठरल्याबरहुकूम चालायची. सातवा फीडर जायचा आणि देश वाचायचा. सिंगापूरला माझ्याकडे त्याचे आलेख यायचे, सुबक, पुस्तकात छापावेत असे. मी ते समीरला दाखवायची.

त्यातल्याच एका आलेखाच्या दिवशी, भर दुपारी, जिल्हा रुग्णालयात दोन बाळं गेली.

मला ते तेव्हा कळलं नाही. जोसेफने कळवलं नाही. त्याने काय केलं, तर उपकेंद्रात गेला आणि सातव्या फीडरच्या पॅनेलवरची एक छोटी पट्टी स्क्रू सैल करून उघडली. तिला ट्रिप लिंक म्हणतात. ती उघडी असली की रिले कितीही ओरडला तरी ब्रेकरला ऐकू जात नाही.

दीड महिन्याने, दुपारीच, मशीन पुन्हा बंद पडलं. बाकीचे फीडर तुटले, सातवा तुटला नाही. तेवढा भार जास्त ठरला. कपाट खाली आलं. सगळा देश अंधारात गेला आणि पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. त्या वेळात देशभर कुठे काय झालं, कोणाचं काय गेलं, याची यादी कोणी केली नाही. रुग्णालयात त्या दिवशी ऑक्सिजनवर एकही बाळ नव्हतं. निव्वळ नशीब.

चौकशीला मला पाठवलं.

पट्टी शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण लपवलेलं काहीच नव्हतं. नियंत्रण केंद्राच्या नोंदवहीत जोसेफने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: फीडर सातची ट्रिप लिंक उघडली, कारण रुग्णालय, जबाबदारी माझी. खाली सही. मी विचारलं, वरच्यांना का नाही कळवलं? तो म्हणाला, "कळवलं असतं तर त्यांनी ती पट्टी पुन्हा घट्ट करायला लावली असती." मग म्हणाला, "जाळं पडू शकतं हे मला ठाऊक होतं. मी धोका घेतला. तो चुकला. पण तुम्ही आता वॉर्ड बघून या."

अग्नेस मला आत घेऊन गेली. धिप्पाड बाई, आवाज मात्र हळू. खोली लहान, सहा पाळणे, भिंतीवर जोसेफने सिंगापूरहून नेलेले दिवे खिळ्यांना टांगलेले. ऑक्सिजन देणारं यंत्र तिने दाखवलं; ते विजेवर चालतं, वीज गेली की दोन मिनिटांत थंड. एका यंत्रावरून दोन बाळांना नळ्या. बाळं गेली त्या दिवशी सिलिंडर होता, पण रिकामा. भरून आणायला गाडी गेली होती. तिने आणि दुसऱ्या नर्सने दोन बाळं हातात घेऊन मास्कची रबरी पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. एका बाळाची आई दारात उभी होती. अग्नेसने एवढंच सांगितलं. माझ्यावर राग काढला असता तर मी तिथे उभी राहू शकले असते. तिने मला बसायला स्टूल दिलं.

जनरेटर मागच्या अंगणात होता. मी बॅटरी घेऊन वाकले. आत कोंबडीने अंडी घातली होती.

परतल्यावर मी अहवाल लिहिला, एकवीस पानांचा. मशीन देशाला मोठं होतं हे लिहिलं. योजना माझी होती, सातव्या फीडरबद्दल तीन लेखी इशारे आले होते आणि मी ते मार्गी लावले नाहीत, हेही लिहिलं. पट्टी जोसेफने उघडली हे अर्थातच लिहिलं.

समीरने तो वाचला आणि दार लावून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. वाचताना त्याचा चेहरा उतरला होता. पण वकिलांनी दुसरा अहवाल तयार केला होता, दोन पानांचा. मूळ कारण: ऑपरेटरने संरक्षण यंत्रणा परस्पर निकामी केली. शिवाय त्याची पत्नी त्याच रुग्णालयात नोकरीला असल्याने त्यात वैयक्तिक हितसंबंध होता. या कागदाखाली इंजिनिअर म्हणून माझी सही हवी होती.

"यात खोटं काय आहे, ताई?" समीर म्हणाला.

खोटं काहीच नव्हतं. निम्मं लिहिलेलंच नव्हतं, एवढंच.

मी दोन दिवस मागितले. श्रीकांतचं कंत्राट तेव्हा संपलं होतं. तो आणि मुक्ता माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, राहत होते. नोकरी गेली असती तर महिन्याभरात सामान बांधावं लागलं असतं, आणि मुक्ताची ए लेव्हलची, म्हणजे तिथल्या बारावीची, परीक्षा चार महिन्यांवर होती. श्रीकांत म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर, आम्ही निभावू." तो खरंच निभावणारा आहे. म्हणजे ती सबबही मला नीटशी वापरता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी समीरला सांगितलं, की मी सही करीन, पण दोन अटी आहेत. मशीन पुन्हा सुरू व्हायच्या आत फीडर सात पहिल्या टप्प्यातून निघाला पाहिजे. आणि वीजकेंद्राच्या कंपनीने रुग्णालयाला नवा जनरेटर बसवून दिला पाहिजे, कागदावरचा नव्हे, मी जाऊन चालू करून पाहीन असा.

ज्याला तीन महिने लागणार होते ते दोन तासांत मंजूर झालं. मी सही केली.

जोसेफला फोन मीच केला. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं, असं वाटलं होतं. आता वाटतं, की ती माझी सोय होती. मी त्याला अहवालात काय आहे ते सांगितलं. मग त्याने विचारलं, "माझी तीन पत्रं त्यात आहेत?"

"नाहीत."

"आणि फीडर सात?"

"काढला. नवी सेटिंग काल भरली. जनरेटर पुढच्या आठवड्यात."

मी त्याची अदलाबदल केली होती, हे त्याला लगेच कळलं. अशी अदलाबदल तो रोज करत आला होता, फीडरांची. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याची नोकरी गेली. कंपनीचं घर सोडावं लागलं. अग्नेसची बदली दूरच्या दवाखान्यात झाली, म्हणजे ज्या वॉर्डासाठी हे सगळं झालं तिथे तीही राहिली नाही. त्याने शहराच्या कडेला मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं, असं तिकडच्या एका इंजिनिअरने सांगितलं. जनरेटर मी जाऊन पाहिला. दुसऱ्या झटक्याला सुरू झाला. मी मुद्दाम तीनदा बंद-चालू केला. जोसेफला भेटायला जावं असं ठरवलं होतं. विमानतळाच्या रस्त्यावरून त्याच्या दुकानाचा फाटा जातो. ड्रायव्हरने विचारलं, वळू का? मी नको म्हणाले.

ते मोठं मशीन पुढे अर्ध्याच क्षमतेवर चालवायचं ठरलं, जे मी पहिल्याच अहवालात सुचवू शकले असते. फंडाने दोन वर्षांनी आपला हिस्सा विकला. समीर दुसरीकडे गेला. मी आणखी तीन वर्षं तिथेच नोकरी केली, चांगली केली, आणि मुक्ताचं शिक्षण संपल्यावर आम्ही पुण्याला परतलो. त्या तीन वर्षांत नव्या मुलांना कोळ्याच्या जाळ्यांची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एकवीस पानांचा मूळ अहवाल जोसेफला पाठवला, प्रत्येक पानावर सही करून. सोबतच्या पत्रात लिहिलं, की हा कुठेही, कोणालाही दाखवा. गोपनीयतेच्या कराराचं जे व्हायचं ते होईल, मी साक्षीला येईन. क्षमा मागितली. ती मागताना चार वेळा पत्र फाडलं.

सात महिने काही आलं नाही. मग एक ईमेल आला. माझ्या पत्राचा त्यात उल्लेख नव्हता, क्षमेचा नव्हता, अहवाल कोणाला दाखवला का याचाही नव्हता. त्याने लिहिलं होतं:

"पान चौदा. बाळं गेली त्या दिवशी रुग्णालयाची वीज चाळीस मिनिटं गेली होती, असं तुम्ही लिहिलंय. चाळीस मिनिटांनी ब्रेकर लागून फीडर चालू झाला. पण रुग्णालयाच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला होता. तो बदलून वीज वॉर्डात पोचायला बावन्न मिनिटं लागली. दुरुस्त करावं."

मी फाइल उघडली. चाळीसच्या जागी बावन्न केलं, कारण लिहिलं, पान पुन्हा छापून सही केली आणि पाठवलं. पोचल्याचं उत्तर आलं नाही.